ओढ्याचं बारसं

व्हर्नेल माझी नणंद. मी लग्न होऊन स्पायव्हींच्या घरात आले, तेव्हा पहिल्याच आठवड्यात तिनं मला माझ्या नवऱ्याच्या सगळ्या खोडी सांगून टाकल्या आणि त्याला माझ्या. तेव्हापासून आमचं जे जमलं ते जमलंच. पुढे ती आमदार झाली, एकदा नाही, पुन्हा पुन्हा निवडून आली, राजधानीत मोठमोठी माणसं तिला बघून खुर्चीतून उठायला लागली. पण आमच्या काउंटीतल्या, म्हणजे जिल्ह्यातल्या, निम्म्या लोकांच्या डोळ्यांसमोर अजूनही येते ती पिवळी स्कूलबस चालवणारी व्हर्नेल.

धिप्पाड बाई. रविवारी चर्चला जाताना घालायच्या हॅट ती सोमवारीसुद्धा घालायची. म्हणायची, "देवानं मला सात दिवस हेच डोकं दिलंय, मग हॅट एकाच दिवशी का?" तिच्या बसमध्ये एक कायदा होता. भांडायचं असेल तर गाऊन भांडायचं. "तू माझी पेन्सिल घेतलीस" हे सुरात म्हणावं लागायचं, आणि समोरच्यानं सुरातच उत्तर द्यायचं. दोन कडव्यांत भांडण संपायचं, कारण बाकीची पोरं हसून हसून लोळायची.

बसचा रस्ता भुईमुगाच्या आणि रताळ्यांच्या शेतांमधून जायचा आणि मग ओढ्यावरचा पूल लागायचा. हा आमचा ओढा. आमचे बाप्तिस्मे इथे झाले, मांगूर मासे आम्ही इथे पकडले, लोंझोनं मला लग्नाचं इथेच विचारलं आणि घाबरून चिखलात पाय घसरून पडला. पण पुलाच्या दोन्ही टोकांना सरकारी हिरवी पाटी होती, आणि तिच्यावर ओढ्याचं जे नाव होतं त्यात आम्हा काळ्या माणसांसाठीची शिवी होती. शेतमालक माझ्या आजोबांना जी हाक मारायचा, तीच. मी ती इथे लिहिणार नाही. आम्ही मोठी माणसं त्या पाटीकडे न बघता पूल ओलांडायला शिकलो होतो. गाडी तिथे आली की कुणी रेडिओचं बटण फिरवायचं, कुणाला नेमकं तेव्हाच घरचं काहीतरी आठवायचं.

बसमध्ये तमिका नावाची एक पहिलीतली पोरगी होती. तिला नुकतंच वाचता यायला लागलं होतं. ती दिसेल ते वाचायची. पेट्रोलपंप, दुकानं, पुढच्या गाडीचा नंबर. एक दिवस सकाळी ती ड्रायव्हरच्या मागच्याच सीटवर बसली होती. पूल आला आणि तिनं ती पाटी एक एक अक्षर लावत, मोठ्यानं, खणखणीत आवाजात वाचून काढली.

मागच्या सीटवरची मोठी पोरं खिडकीबाहेर बघायला लागली.

"मिस व्हर्नेल, मी बरोबर वाचलं ना?"

"बरोबर वाचलंस, राणी," व्हर्नेल म्हणाली. "लिहिणाऱ्याचं चुकलंय."

"मग त्याला सांगा ना! आमचं चुकलं की बाई लगेच लाल पेननं गोल करतात."

त्या दिवशी संध्याकाळी व्हर्नेल आमच्याकडे जेवायला होती. पानात वाढलेलं तसंच ठेवून तिनं हे सगळं सांगितलं. लोंझो, म्हणजे माझा नवरा, तिचा धाकटा भाऊ, म्हणाला, "सोडून दे गं. आपल्या बापजाद्यांपासून आहे ती पाटी."

"बापजाद्यांपासून होती म्हणून तर चिडले," ती म्हणाली आणि मग जेवली, दोन वेळा मागून घेऊन.

पुढच्या महिन्यांत तिनं सरकारी कचेऱ्यांचे उंबरे झिजवले. काउंटीतले साहेब म्हणाले, ओढा आमच्या हद्दीत आहे, पण त्याचं नाव आमच्या हद्दीत नाही. रस्तेवाले म्हणाले, आम्ही नकाशात बघून पाट्या लावतो. नकाशावाल्यांनी सांगितलं की, नकाशातलं नाव बदलायचं तर कायदा लागतो.

"कायदा कुठे करतात?" व्हर्नेलनं विचारलं.

टेबलापलीकडचा माणूस हसला. "राजधानीत, बाई. त्यासाठी आमदार लागतो."

त्या दिवशी ती थेट माझ्या स्वयंपाकघरात आली. मी पालेभाजी निवडत होते.

"क्लॉडेट, आमदार व्हायला काय लागतं?"

"मतं लागतात."

"ती कुठे मिळतात?"

"घराघरात मिळतात, आणखी कुठे?"

"मग झालं तर. एकही घर असं नाही जिथे मी बस उभी केली नाही."

मी हसले. ती हसली नाही. दुसऱ्या दिवशी लोंझो भंगारवाल्याकडून जुन्या स्कूलबसचा हॉर्न घेऊन आला, तेव्हा मला कळलं की हे प्रकरण पुढे गेलंय.

तो हॉर्न लोंझोच्या पिकअपला बसवला आणि व्हर्नेल प्रचाराला निघाली. घरासमोर गाडी थांबवायची आणि तिच्या बसच्या जुन्या पद्धतीनं दोन लांब, एक आखूड असा हॉर्न वाजवायचा. मी शेजारी बसून होते, मी डोळ्यांनी पाहिलंय. दाढीमिशीवाले बाप्ये घरातून धावत बाहेर यायचे. एकाच्या तोंडात टोस्ट होता, एकाच्या पायात एकच बूट. काळी घरं, गोरी घरं, दोन्हीकडे तेच. अंगवळणी पडलेलं! धावत आले की त्यांच्या लक्षात यायचं आणि ते ओशाळून हसायचे.

"शर्टाची बटणं लाव," व्हर्नेल म्हणायची, "आणि मंगळवारी मत द्यायला जा."

समोर उभे होते ते जुने आमदार. विम्याचा धंदा करायचे, आणि त्यांच्याविरुद्ध बरीच वर्षं कुणी उभंच राहिलं नव्हतं. अग्निशमन केंद्रातल्या सभेत ते म्हणाले, "मिस स्पायव्ही फार चांगल्या बाई आहेत. पण राज्य चालवणं म्हणजे बस चालवणं नव्हे."

व्हर्नेल उठून म्हणाली, "अगदी खरं. बसमध्ये सगळ्यांना घेऊन जावं लागतं."

अहो, ती निवडून आली! त्या दिवशी आमच्या अंगणात इतकी माणसं नाचली की पुढचं वर्षभर तिथे गवत उगवलं नाही.

विधानभवनात पहिल्या दिवशी दारावरच्या माणसानं तिला अडवलं. "बाई, इथून फक्त सदस्यांना सोडतात."

"मग मला लवकर सोडा," ती म्हणाली. "पहिल्याच दिवशी खुर्ची रिकामी दिसली, तर लोक म्हणतील बाई आळशी आहे."

गाडीत बसल्यावर मात्र तिनं दार धाडकन लावलं. मला म्हणाली, "हसून बोलले म्हणून लागलं नाही असं समजू नकोस हं." मी तिचा हात धरून बसले. मग ती म्हणाली, "चल, भूक लागलीय."

नावं बदलण्याचं विधेयक तिनं पहिल्याच अधिवेशनात मांडलं. नुसत्या आमच्या ओढ्याचं नाही. राज्यभर असल्या नावांचे ओढे होते, टेकड्या होत्या, रस्ते होते. विधेयक ज्या समितीकडे गेलं तिचे अध्यक्ष मिस्टर रॉयस्टर. तंबाखूची मोठी शेती असलेला गोरा म्हातारा. अतिशय सभ्य. दर नाताळाला आपल्या झाडांचे पिकन-अक्रोड पिशवी भरून व्हर्नेलला पाठवायचा आणि दर अधिवेशनात तिचं विधेयक गाडून टाकायचा.

"व्हर्नेल, हा इतिहास आहे," तो म्हणायचा. "ते नाव कुणाला उद्देशून नाही."

"मिस्टर रॉयस्टर, रस्त्यात कुणी ते नाव ओरडलं तर तुम्ही मागे वळून बघाल?"

"नाही."

"मी बघते. म्हणजे कुणाला तरी उद्देशून आहेच की."

तो मान हलवायचा, अक्रोड आवडले का विचारायचा आणि निघून जायचा.

या काळात ती काही एकच एक दळण दळत बसली नव्हती. आमच्या दक्षिण वस्तीत नळाचं पाणी तिनं आणलं. कुणाचा रंग बघून रस्त्यात गाडी अडवायची पोलिसांची सवय होती. लोंझोला तर स्वतःच्याच रस्त्यावर इतक्यांदा अडवलं होतं की त्यानं परवाना शर्टाच्या खिशालाच पिनेनं लावून ठेवला होता. किती जणांना अडवता, का अडवता आणि ते कोण असतात, हे पोलिसांना जाहीर करायला लावणारा कायदा व्हर्नेलनं आणला. तो मंजूर झाला तेव्हा लोंझोनं ती पिन काढून तिच्या हातात ठेवली. मग म्हणाला, "शर्टाला भोक पडलंय, ते कोण भरून देणार?" आणि दोघं हसत सुटली.

ओढ्याचं विधेयक मात्र दर वेळी यायचं आणि मरायचं.

मग एका वसंतात समितीसमोर पुन्हा त्याची वेळ आली. त्या दिवशी मी प्रेक्षकांच्या गॅलरीत होते. माझ्या दोन्ही बाजूंना चौथीची मुलं येऊन बसली. शाळेची सहल. काळी, गोरी, सगळी मिसळलेली, एकमेकांना कोपरखळ्या मारणारी. त्यातली एक जण खाली बघून जोरजोरात हात हलवायला लागली. "ते बघा, ते माझे आजोबा!" खाली मिस्टर रॉयस्टरनं वर पाहिलं आणि त्याचा चेहरा उजळला. त्यानंही हात हलवला.

तेवढ्यात व्हर्नेल उठली. "अध्यक्ष महाराज, नियमाप्रमाणे कोणताही सदस्य विधेयक पूर्ण वाचून दाखवण्याची मागणी करू शकतो. मी ती करते. अध्यक्षांनी स्वतः वाचावं."

रॉयस्टरनं चष्मा लावला. कागद उचलला. "राज्यातील पुढील ओढे, टेकड्या आणि रस्ते यांची नावे..." इथपर्यंत वाचलं आणि तो थांबला. त्यानं वर पाहिलं. नातीनं पुन्हा हात हलवला. तिच्या खांद्यावर हात टाकून तिची मैत्रीण बसली होती, काळीसावळी, दोन वेण्या, पुढचा दात पडलेला. तीही हात हलवायला लागली.

रॉयस्टरनं कागदाकडे पाहिलं. पुन्हा वर पाहिलं.

"मला हे वाचता येत नाही," तो म्हणाला.

"माझा चष्मा देऊ?" व्हर्नेलनं विचारलं, अगदी हळू.

"चष्म्याचा प्रश्न नाही, मिस स्पायव्ही."

त्यानं कागद खाली ठेवला. मग त्यानं स्वतःच हात वर करून विधेयकाच्या बाजूनं मत दिलं. बाकीच्यांचे हात एकामागून एक वर गेले. नंतर सभागृहात काही जणांनी खोडा घातला, पण रॉयस्टर एकेकाला बाजूला घेऊन बोलला आणि कायदा झाला.

परतताना मी व्हर्नेलला म्हटलं, "नेमकी त्याच दिवशी, नेमकी त्याच शाळेची सहल कशी आली गं?"

"मला काय माहीत?" ती रस्त्याकडे बघत म्हणाली. मग गाडी वळवताना म्हणाली, "सहलींचं वेळापत्रक ड्रायव्हर लोकांना असतं हो ठाऊक."

आता तुम्हाला वाटेल गोष्ट संपली. आम्हालाही तसंच वाटलं होतं. पण कायद्यात एक कलम होतं, व्हर्नेलनंच घातलेलं. नवं नाव सरकार ठरवणार नाही, तिथल्या लोकांनी एकत्र बसून ठरवायचं. तोवर जुनी पाटी पुसून टाकायची.

रस्तेवाल्यांनी पाटी पुसली आणि आमचं एकत्र बसणं सुरू झालं.

ओढ्याच्या अलीकडे आमचं नेबो चर्च, पलीकडे सेंट ल्यूक. आमच्या लोकांना नाव हवं होतं प्रिन्स स्पायव्हीचं. तो व्हर्नेलचा आणि लोंझोचा पणजोबा, गुलामगिरीतून सुटल्यावर ओढ्याकाठची पहिली जमीन विकत घेणारा. पलीकडच्यांना नाव हवं होतं हॅना सुईणीचं, कारण दोन्ही काठांवरची अर्धी माणसं तिच्याच हातावर जन्मली होती. पलीकडच्यांची पुढारी सिस्टर ऑगस्टा. किडकिडीत बाई, पण आवाज असा की तिला कधी माईक लागला नाही.

"प्रिन्सनं जमीन घेतली, मान्य," ऑगस्टा पहिल्या सभेत म्हणाली. "पण त्याला जगात आणलं कुणी?"

"हॅनानं नाही!" लोंझो ओरडला. "ती त्याच्यापेक्षा लहान होती!"

"मग तिच्या आईनं!"

"मग तिच्या आईचं नाव द्या!"

"तू मला शिकवतोस? तुझे लंगोट बदललेत मी!"

त्या सभेला आणलेले रताळ्याचे गोड केक न कापता आपापल्या घरी परत गेले. आमच्याकडे यापेक्षा मोठं भांडण नसतं.

सगळा उन्हाळा असा गेला. पुलावर कोरी हिरवी पाटी. न्हाव्याच्या दुकानात भांडण, दफनाच्या वेळी कबरीशेजारी भांडण. बाहेरगावच्याला पत्ता सांगायचा तरी पंचाईत. अशात डेल्बर्टनं काय केलं, तर आपल्या दुकानाबाहेर हातानं रंगवलेला फळा टांगला. डेल्बर्ट म्हणजे पुलाजवळ मासेमारीचं सामान विकणारा गोरा गडी, लहानपणी व्हर्नेलच्याच बसमध्ये गाऊन भांडलेला. त्यानं लिहिलं होतं, 'कटकटीच्या ओढ्याची ताजी गांडुळं मिळतील'.

झालं. महिन्याभरात जो तो कटकटीचा ओढा म्हणायला लागला. रेडिओवरचा माणूस हवामान सांगताना म्हणाला, "कटकटीच्या ओढ्याला पाणी चढलंय." व्हर्नेलला हे अजिबात खपलं नाही. मी तिच्यासमोर एकदाच म्हणाले आणि तिनं अशी नजर टाकली की पुढचं वाक्य मी गिळलं.

शरद ऋतूत शेवटची सभा झाली, आमच्या चर्चच्या हॉलमध्ये. व्हर्नेल अध्यक्ष. नवी जांभळी हॅट, हातात भाषणाचे कागद. ती बोलायला उठणार, इतक्यात ऑगस्टा उभी राहिली.

"मी हॅनाचं नाव मागे घेते," ती म्हणाली. सगळे चकित. "तुमचं मला ठाऊक नाही, पण माझी नातवंडं त्याला कटकटीचा ओढाच म्हणतात. आणि म्हणताना हसतात. तो पूल ओलांडताना कुणी हसलेलं मी आयुष्यात पाहिलं नव्हतं."

हॉलमध्ये आधी कुजबुज झाली, मग कुणीतरी टाळी वाजवली, मग खूप टाळ्या. व्हर्नेल कागद टेबलावर ठेवून मागच्या दारानं बाहेर गेली.

मी तिच्यामागे गेले. ती पायरीवर बसली होती.

"इतकी वर्षं विधानसभेत घासली, ती याच्यासाठी?" ती म्हणाली. "कटकट? क्लॉडेट, मला काहीतरी भारदस्त हवं होतं. पाटी वाचल्यावर माणसाची मान ताठ व्हावी असं."

"गोऱ्यांच्या ओढ्यांची नावं काय आहेत गं?" मी म्हटलं. "वरच्या अंगाला डुकराचं शेपूट आहे. त्याच्यापुढे दारुड्याचा नाला. त्यांची मान वाकलीय का? कुणी विचारतं का त्यांना?"

तिनं हॅट काढून पायरीवर ठेवली.

"त्यांनी मनाला येईल ते नाव दिलं," मी म्हटलं. "आपल्याला मात्र दर वेळी शहाण्यासारखंच वागावं लागतं."

तिचे ओठ हलले. आधी मला वाटलं रडतेय. मग ती जी हसायला लागली, पोट धरून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत, की जांभळी हॅट पायरीवरून घरंगळत खाली गेली.

"म्हणजे," ती धापा टाकत म्हणाली, "आपल्यालाही वेडेपणा करायचा हक्क!"

"तेच तर मागत होतीस ना?"

आत जाऊन तिनं सगळ्यात आधी स्वतःचा हात वर केला. लोंझो तेवढा नाताळापर्यंत फुरंगटून बसला. पणजोबांना काय वाटेल, हेच त्याचं पालुपद. शेवटी व्हर्नेल त्याला म्हणाली, "पणजोबा स्पायव्ही होते. त्यांनी ती जमीनसुद्धा भांडूनच मिळवली असणार." तेव्हा कुठे गडी हसला.

राजधानीतून एका तरुण साहेबाचा फोन आला. नाव गांभीर्यानं सुचवलं आहे ना, असं त्यानं विचारलं. व्हर्नेल म्हणाली, "बाळा, या नावासाठी किती कटकट झालीय, तुला कल्पना नाही."

पाटी लावायच्या दिवशी काठावर मोठ्या कढयांत मासे तळले. दोन्ही चर्चची गाणारी मंडळं आली आणि आधी कुणी गायचं यावरून अडून बसली. शेवटी दोघांनी एकाच वेळी वेगवेगळी गाणी सुरू केली, आणि खरं सांगते, वाईट नाही वाटलं. मिस्टर रॉयस्टर तोवर निवृत्त झाला होता. काठी टेकत आला, नातीला घेऊन, अक्रोडाची पिशवी घेऊन. ऑगस्टानं त्याला शेजारी बसवून घेतलं आणि काटे कसे काढायचे यावरून त्याला चांगलं झापलं. तो ती सांगेल तसे काढत होता. व्हर्नेलनं भाषण केलंच नाही. ती पुलावर मधोमध उभी राहून येणाऱ्याजाणाऱ्या प्रत्येक गाडीला हात दाखवून थांबवत होती आणि माशाची प्लेट खिडकीतून आत देत होती.

त्यानंतर ती आणखी काही वर्षं आमदार होती. मग म्हणाली, आता खुर्ची तरुणांना देते, आणि दिलीही. पाटी तीनदा चोरीला गेली. कॉलेजची पोरं खोलीत टांगायला पळवतात. रस्तेवाले वैतागलेत. व्हर्नेल मात्र प्रत्येक चोरीची बातमी मला फोन करून सांगते, एखादं बक्षीस मिळाल्यासारखी.

हल्ली ती ओढ्याकाठी खुर्ची टाकून गळ लावून बसते, हॅट घालून. मी शेजारी बसते. मासे फारसे लागत नाहीत, कारण आमच्या दोघींची तोंडं बंद होत नाहीत.